अनुभव धागा: हायस्कुलातला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. तुमच्याकडे काय उरलं?

मुलगी यंदा नववीत गेली. शिकवणीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "गणित-विज्ञान बघा, इतिहास-भूगोल शेवटच्या महिन्यात होऊन जातो." मला ते लागलं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे 40, भूगोलाचे 40, वर अंतर्गत 20. म्हणजे शंभराचा विषय. पण गुणांचं सोडा. या तासांतलं पुढे काय कामी आलं, काय शिकवायचं राहून गेलं, ते लिहाल का? शाळेचं नाव नको, तालुका-जिल्हा पुरे.

माझ्यापासून सुरुवात करते. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, काही केल्या कळत नव्हत्या. सरांनी परातीत एक ओबडधोबड दगड ठेवला, बोटभर पाणी ओतलं आणि पाण्याच्या कडेने दगडावर खडूने रेघ मारली. परत बोटभर पाणी, परत रेघ. मग म्हणाले, "आता वरून बघा." वीस वर्षांनी प्लॉट घेताना नकाशावरच्या रेघा बघूनच ओढ्याकडच्या उताराची जागा नको म्हटलं.

औसा, जि. लातूर

1993 ला मी दहावीत होतो. दख्खनचं पठार म्हणजे जुना, कठीण, स्थिर खडक, हे पाठ होतं. भूकंप म्हणजे हिमालय, आसाम, फार तर कोयना. 29 सप्टेंबरला गणपती बोळवून सगळे दमून झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमचं घर तडकलं पण उभं राहिलं. किल्लारीच्या बाजूला मामाचं घर होतं, तिकडचं मी इथे लिहिणार नाही.

शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागली. भूगोलाच्या सरांचा स्वतःचा भाऊ गेला होता. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. आम्हाला वही-टेप देऊन गावात पाठवलं. पडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या घरांची नोंद करायची: भिंतीची जाडी किती, दगड मातीत बसवलेत की चुन्यात, वर माळवद (मातीचं सपाट छत) की पत्रे. आठ दिवस फिरलो. लोक रडत रडत मापं घेऊ द्यायचे. फळ्यावर तक्ता झाला तेव्हा वर्गात कोणी बोललं नाही. दोन-अडीच फूट रुंदीच्या मातीत रचलेल्या भिंती आणि वर माळवदाचा टनावारी बोजा, तिथेच माणसं गेली होती. पत्र्याखालची बहुतेक वाचली होती. उन्हात गार राहावं म्हणून आजोबांनी दरवर्षी माळवदावर मातीचा थर चढवला होता.

मी आज घरं बांधतो. छताचं वजन काढताना तो फळा समोर असतो.

बीड, सध्या पुण्यात

इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या, अशी तक्रार नेहमी ऐकतो. पण सनावळ्यांना इतकी नावं ठेवू नका, कळकळीने सांगतो. 1885, 1905, 1919, 1920, 1930, 1942 हा क्रम आमच्या बाईंनी घोकून घेतला. पुढे एमपीएससीचा अभ्यास करताना बंगालच्या फाळणीविरोधी चळवळीनंतर काय बदललं, असहकार का थांबला आणि आठ वर्षांनी मीठ का उचललं, हे मला भराभर जुळवता आलं, कारण खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या. खुंट्यांवर काही टांगायला शिकवलं नाही, ही तक्रार मात्र मान्य.

जत, जि. सांगली (निवृत्त शिक्षिका)

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. सुरुवातीची बारा वर्षं मीही उत्तरं फळ्यावर लिहून देत होते, त्याचं आजही वाईट वाटतं. मग एका 2 ऑक्टोबरला नववीच्या मुलांना ग्रामसभेला नेलं. गणपूर्तीचा, म्हणजे सभेला किमान किती हजेरी लागते त्याचा, नियम वर्गात झाला होता: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तो. मुलींनी डोकी मोजली. 43. तरीही ठराव वाचले गेले, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरला. एका मुलीच्या दारी आला तेव्हा ती आईला म्हणाली, "तू गेली नव्हतीस ना, मग सही करू नकोस." आईने केली नाही. घरात त्यावरून वाद झाला, वडील शाळेत आले. मी त्यांच्यासमोर पुस्तकातलं तेच पान उघडून ठेवलं. पुढच्या सभेला तिची आई स्वतः आली, शेजारच्या चौघींना घेऊन.

न्यू जर्सी

इथे राज्याच्या नियमाने हायस्कुलात दोन वर्षं अमेरिकेचा इतिहास घ्यावाच लागतो. मुलीने एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स घेतला. त्यातल्या एका प्रश्नाला सात दस्तऐवज देतात: पत्र, व्यंगचित्र, भाषणाचा तुकडा. ते तासाभरात वाचून स्वतःचं म्हणणं मांडायचं, आणि लिहिणारा कोण, कशासाठी लिहितोय हेही सांगायचं. मी विचारलं, "उत्तर कुठल्या धड्यात आहे?" ती म्हणाली, "आई, धड्यात नाहीये." मला हेवा वाटला.

पण नाशिकच्या भाच्याचं दहावीचं पुस्तक बघितलं तर पहिलाच धडा इतिहासलेखनाचा! वॉल्टेअर, रांके, फुको, युरोपातले हे विचारवंत सगळे आहेत. त्याला वॉल्टेअर योग्य पर्याय निवडण्यापुरता माहीत. वाईट वाटलं. उलट माझ्या मुलीला वेगळा भूगोल कधी मिळालाच नाही. मोसमी वारे मी तिला स्वयंपाकघरात शिकवले.

माण, जि. सातारा

गेल्या वर्षीच दहावी दिली. भूगोलाचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझीलच्या तुलनेवर. आधी वाटायचं, ब्राझीलशी आपला काय संबंध? मग ईशान्य ब्राझीलचा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा, प्रदेश आला आणि मॅडमनी महाबळेश्वर ते आमच्या तालुक्यातली दहिवडी असा छेद काढायला लावला. एकीकडे साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, दुसरीकडे पाचशेच्या आसपास. आमच्या चारा छावणीचं कारण पहिल्यांदा कागदावर दिसलं.

फोंडा, गोवा

आमच्या सरांनी नववीत प्रकल्प दिला: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला 16 जानेवारी 1967 बद्दल विचारा. जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं, एवढंच मला ठाऊक होतं. आजीने सांगितलं की त्या महिन्यात आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू एका पंक्तीला जेवत नव्हते. एकाचं फूल, एकाची पानं. वाढायला मात्र दोघांनाही तीच. तिने स्वतः कशावर शिक्का मारला हे मी तीनदा विचारलं. वहीत ती ओळ मी कोरीच सोडली, आणि सरांनी तिच्यापुढे बरोबरची खूण केली.