शब्दचर्चा: रूपांतर, कायापालट की नुसता पालट?

माळकरी: सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाचे एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो आहेत. मे महिन्यातला वाळलेल्या गवताचा, मुरूम उघडा पडलेला, ऑगस्टमधला हिरवागार. खाली ‘माळाचं रूपांतर’ लिहिलं, तर एक मित्र ‘कायापालट’ म्हणतो, दुसरा ‘स्थित्यंतर’. काय लिहू?

चिंचपाला: रूपांतर नको. अळीचं फुलपाखरू होतं ते रूपांतर, तिथून परत फिरणं नाही. रुईच्या पानावर अंडं, अळी, कोष अशी मालिका टिपली असेल तर खुशाल लिहा. कीटकांच्या अभ्यासात तो ठरलेलाच शब्द आहे, त्यातही कोष असलेलं ते पूर्ण, नसलेलं ते अपूर्ण असा भेद. चतुराला कोष नसतोच. त्याचं पाण्यात वाढलेलं पिल्लू काडीवर चढतं, पाठ उकलते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. तरी लोक त्या फोटोखाली ‘कोषातून बाहेर’ लिहितात! माळ काय, पुढच्या मेमध्ये पुन्हा पिवळा.

हुरडाप्रेमी: स्थित्यंतर समाजाचं, राजवटीचं. गवताला फार जड होतं.

‘कायापालट’बद्दल माझी वेगळी तक्रार आहे. त्या शब्दाला कौतुक चिकटलेलं असतं. बसस्थानकाचा कायापालट होतो, फीत कापली जाते. आता हा माळ बघा. १९७९ मध्ये इथे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौ. किमी होतं, पुढे ते १,२२२ वर आलं. आसपासचे माळ नांगरले गेले, माळढोक दिसेनासा झाला. जिथे कुसळी गवत होतं तिथे ऊस उभा, असा जोडफोटो लावलात तर कायापालट म्हणाल? ऊसवाला म्हणेल. पक्षी बघायला येणारा ‘ऱ्हास’ म्हणेल. फोटो तोच, शब्दाने बाजू घेतली.

चिंचपाला: पटलं. मग नुसतं ‘पालट’ का नको? पिकांची फेरपालट आपण म्हणतोच, त्यात बदल आहे आणि फिरून येणंही. उजनीच्या कडेला पाणी ओसरलं की गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, धरण भरलं की तीच जमीन पाण्याखाली. तिथेही हाच शब्द चालेल.

माळकरी: ‘माळाचा पालट’ लिहितो. अजून एक अडचण. काळविटाचा नर लहानपणी तपकिरी, वयात येताना काळा होत जातो. दोन्ही नर एकाच फोटोत सापडलेत. ‘रंगपालट’?

हुरडाप्रेमी: अहो, रंग पालटणं म्हटलं की लोकांना सरडा आठवतो, नाहीतर पुढारी. ‘रंग चढताना’ लिहा.

चिंचपाला: त्याने भलतीच शंका येईल. सरळ ‘तपकिरी नर, काळा नर’ लिहा आणि खाली वयाची एक ओळ द्या. प्रत्येक फोटोला भारदस्त नाव कशाला?