सँटोरिनीला फोटोग्राफर बुक करायचा का? एका तासाचे ३५० युरो, घरात दोन तट पडलेत

गोदाकाठची
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण ग्रीसला चाललोय, आई-बाबा, मी, नवरा आणि दोन मुलं. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत त्याचं निमित्त. तीन दिवस अथेन्स आणि मग चार रात्री सँटोरिनी बेटावर. तिथे इया गावात (स्पेलिंग बघून सगळे ओइया म्हणतात पण उच्चार इया आहे) एका तासाचा प्रायव्हेट फोटोशूट बुक करावा असं माझ्या मनात आहे. एका फोटोग्राफरने ३५० युरो सांगितलेत, म्हणजे आपले ३५ हजारांच्या आसपास, ४० एडिट केलेले फोटो देणार. नवरा म्हणतो वेडेपणा आहे, सगळ्यांकडे चांगले फोन आहेत, काय गरज.

मला का हवंय ते सांगते. १९९४ मध्ये आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, बाबांकडे हॉटशॉट कॅमेरा होता, ३६ फोटोंचा एक रोल पुरवून पुरवून वापरायचा. त्या अख्ख्या रोलमध्ये बाबा एकाच फोटोत आहेत आणि तो मी सात वर्षांची असताना काढलेला, तिरका, बाबांचं कपाळ वरून कापलेलं. आई-बाबा दोघंच, नीट, शेजारी शेजारी उभे आहेत असा लग्नाच्या अल्बमनंतरचा एक फोटो आमच्या घरात नाहीये. जो फोटो काढतो तो फोटोत नसतो, आमच्या घरात हे ४० वर्षं चाललंय. म्हणून मला वाटतं एक तास दुसऱ्या कोणीतरी कॅमेरा धरावा. ह्यात काही चुकतंय का?

सह्याद्रीवेडा
ताई भावना समजली पण माझं मत स्पष्ट नाही असंच आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी तिकडेच गेलो होतो, बायकोचा हट्ट म्हणून शूट केला, कोणाकडून ते सांगत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळ कपडे ठरवण्यात गेली, त्या दिवशी सकाळ तयारीत, मग शूट, मग दमलो म्हणून दुपारभर झोपलो, म्हणजे तीन दिवसांतला जवळजवळ दीड दिवस एका तासासाठी गेला. वर फोटो आले सहा आठवड्यांनी, पॅकेजमध्ये २५ होते, बाकीचे हवे असतील तर प्रत्येक फोटोचे वेगळे पैसे. आणि सगळ्यात मोठं दुःख म्हणजे अक्रोतिरी बघायचं राहिलं. ज्वालामुखीच्या राखेखाली साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ गाडलेलं गाव आहे ते, १९६७ पासून उत्खनन चालू आहे, दोन-तीन मजली घरं, जिने, धान्याचे रांजण जागच्या जागी. मी शाळेपासून इतिहासवेडा माणूस, दारापर्यंत जाऊन ते बघितलं नाही ह्याची रुखरुख अजून जात नाही. त्या ३५० युरोत सहा जणांची अक्रोतिरीची तिकिटं आणि एक मस्त जेवण झालं असतं हो.

पैठणीप्रेमी
@सह्याद्रीवेडा तुमचा वेळ गेला तो प्लॅनिंगमुळे, फोटोग्राफरमुळे नाही. कपडे घरूनच ठरवून न्यायचे.
ताई तू कर गं. मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी नटल्या, फोटो हातात आल्यावर कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. पुढच्या वर्षी त्या गेल्या. दिवाणखान्यात हार घालून जो फोटो लावलाय तो तिथलाच आहे, आणि त्यात त्या हसतायत. नाहीतर आपल्याकडे फोटो लावायची वेळ येते तेव्हा आधारकार्डाचा मोठा करून आणतात. ह्याच्यापुढे ३५ हजारांचा हिशोब मी नाही करू शकत.

कॅमेरावाला_पुणे
मी स्वतः लग्नं शूट करतो त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो. एक तासाचे ३५० युरो ऐकायला जास्त वाटतात पण तो तास म्हणजे फक्त शटर दाबणं नसतं, घरी येऊन निवड आणि एडिटिंगला त्याच्या चार-पाचपट वेळ जातो, आणि ग्रीसमध्ये रीतसर बिल दिलं तर त्यावर २४ टक्के व्हॅट आहे. तुम्ही पैसे देताय ते त्या माणसाला कुठल्या गल्लीत किती वाजता कसा उजेड येतो हे माहीत असतं त्याचे.

सँटोरिनीचा उजेड वेगळा आहे हे लक्षात घ्या. सगळ्या भिंती पांढऱ्या, चुन्याच्या. सकाळी लवकर त्याच भिंती रिफ्लेक्टरचं काम करतात, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो, म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांखालच्या रेषासुद्धा छान दिसतात. आणि तीच भिंत दुपारी बारा वाजता फोनला फसवते, फोनला वाटतं फार उजेड आहे, तो फोटो काळा करतो, भिंत राखाडी आणि आपले सावळे चेहरे आणखी काळे. फोनवरच काढणार असाल तर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि ते सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा, एवढ्याने निम्मं काम होतं.

बुक करायचंच असेल तर आधी लेखी विचारून घ्या, एकूण किती फोटो, कधी मिळणार, सहा माणसांचे जास्त पैसे का, वारा-पाऊस आला तर तारीख बदलणार का. @सह्याद्रीवेडा ह्यांच्या बाबतीत हेच राहिलेलं दिसतंय.

डोंबिवली_फास्ट
त्यापेक्षा पुण्याचाच एखादा फोटोग्राफर बरोबर न्या ना, ट्रिपही होईल त्याची

कॅमेरावाला_पुणे
@डोंबिवली_फास्ट असं करू नका. टुरिस्ट शेंगेन व्हिसावर तिकडे जाऊन पैसे घेऊन काम करता येत नाही. प्रीवेडिंगला लोक सर्रास नेतात, मलाही दोनदा विचारलं, मी नाही म्हणालो. विमानतळावर दोन कॅमेरे, चार लेन्स बघून विचारलं तर उत्तर काय देणार.

अथेन्सची_वहिनी
मी नऊ वर्षं अथेन्समध्ये राहते, माझ्या जावेचं माहेर सँटोरिनीचं आहे म्हणून जरा कळकळीने लिहिते. पैशांवर सगळे बोलताय, त्या गावावर कोणीच बोलत नाहीये.

बेटावर कायमचे राहणारे लोक साधारण १५ हजार. २०२३ मध्ये तिथे ३४ लाखांच्या आसपास पर्यटक आले. २०२४ च्या जुलैमध्ये एका दिवशी क्रूझची इतकी गर्दी येणार होती की गावातल्या लोकांनीच शक्यतो घराबाहेर पडू नये असं आवाहन फेसबुकवर केलं गेलं, लोक इतके भडकले की पोस्ट काढावी लागली. नंतर क्रूझच्या प्रवाशांना दिवसाला ८ हजारांची मर्यादा घातली आणि २०२५ च्या जुलैपासून हंगामात माणशी २० युरो कर लावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के वाढले तेव्हा हजारो लोक बोटी, विमानं पकडून बेट सोडून गेले. जावेची आई पण आमच्याकडे येऊन राहिली, १९५६ चा मोठा भूकंप त्यांनी लहानपणी बघितलाय, रात्री झोपायच्याच नाहीत, चपला उशाशी ठेवून बसायच्या.

इयाची घरं कड्यात कोरलेली आहेत, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण असतं. तुम्हाला जो पांढरा गोल ओटा वाटतो ना फोटोसाठी, ते खाली राहणाऱ्याच्या खोलीचं छत असतं. लोक त्यावर चढतात, फोटोसाठी लांब झगा वाऱ्यावर उडवतात, खाली माणूस झोपलेला असतो. निळे घुमट म्हणजे देवळं आहेत, लोकांची प्रार्थनेची जागा. आपल्या वाड्याच्या ओसरीवर पहाटे सहाला परका माणूस फटाफट फोटो काढू लागला आणि आपल्याच सुनेला म्हणाला जरा बाजूला व्हा, तर आपण काय करू? हे तिकडे रोज होतं. गावात पाट्या लावल्यात की तुमची सुट्टी आहे पण हे आमचं घर आहे. मला मनापासून वाटतं की तिथे प्रोफेशनल शूट करूच नये.

पैठणीप्रेमी
@अथेन्सची_वहिनी पण मग त्याच गावातल्या पोरांचं पोट पण ह्या फोटोशूटवरच चालतं ना? आमचा फोटोग्राफर तिथलाच होता, हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, नंतर हॉटेलं बंद, काम नाही. क्रूझवाला पाच तास येऊन एक मॅग्नेट घेऊन जातो, त्यापेक्षा चार रात्री राहून गावातल्या माणसाला ३५० युरो देणारा बरा नाही का?

अथेन्सची_वहिनी
@पैठणीप्रेमी गावातलाच असेल तर बरा, हे मान्य. पण बरेच जण हंगामापुरते बाहेरून येतात. आणि गावातला असला तरी दुसऱ्याच्या छपरावर चढायचा हक्क त्याला मिळत नाही.

सह्याद्रीवेडा
वहिनींशी शंभर टक्के सहमत. आणि अजून एक, कॅमेरा समोर आला की माणसं बदलतात हो. आमचे जे फोटो आलेत त्यात आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतोय, खरं तर त्या सकाळी आमचं भांडण झालेलं होतं. तो फोटो भिंतीवर आहे, पाहुणे किती छान म्हणतात, मला दर वेळी त्या सकाळची आठवण होते. ट्रिपचा माझा आवडता फोटो विचाराल तर बायको बस स्टॉपवर टोमॅटो खात बसलीय तो, फोनवर काढलेला, हलला पण आहे. तिथले टोमॅटो छोटे आणि भलते गोड, पाऊस कमी, राखेची जमीन.

गोदाकाठची
@सह्याद्रीवेडा तो हललेला फोटो तुम्ही काढलात म्हणजे त्यात तुम्ही नाही! माझा मुद्दा तोच आहे. तुमची बायको काढते का तुमचा?

सह्याद्रीवेडा
@गोदाकाठची नाही काढत. हे खरंय, माझा एकट्याचा त्या ट्रिपचा एकही फोटो नाही. पण मला तो नकोच होता, मी बघायला गेलो होतो.

गोदाकाठची
तुम्हाला नको असेल, तुमच्या मुलांना पंचवीस वर्षांनी हवा असेल. मी तेच शोधतेय आता, बाबांचे चाळिशीतले फोटो, नाहीयेत.

अथेन्सची_वहिनी
@गोदाकाठची हे वाचून मी जरा थांबले. माझे बाबा २०१९ ला गेले, मलाही असंच शोधावं लागलं होतं. बरं मग माझं ऐक, शूट कर पण इया सोड. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? इयात सगळं पायऱ्या पायऱ्यांनी, मुख्य रस्त्याला संगमरवर, घासून गुळगुळीत झालेला, चपला सटकतात. मेगालोखोरीला जा. आतल्या बाजूचं गाव, फारसा चढ नाही, गल्लीवरच कमान आणि त्यावर घंटा टांगलेल्या, चौकात झाडं, म्हातारे कॉफी पीत बसलेले असतात. कोणाच्या छपरावर चढायची वेळच येत नाही. तिथून समुद्र दिसत नाही हे आधीच सांगते. समुद्र हवा असेल तर हॉटेलची गच्ची आहेच, तिचे पैसे दिलेत तुम्ही.

पैठणीप्रेमी
समुद्र आणि निळे घुमट नाहीत तर मग सँटोरिनीला कशाला जायचं गं? तसा चौक कुठेही मिळेल.

कॅमेरावाला_पुणे
मेगालोखोरीची सूचना उत्तम आहे. अरुंद गल्लीत उजेड एका बाजूने येतो, पोर्ट्रेटला फार छान. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, आठ ते नऊ ही वेळ धरा, वयस्कर माणसांना पहाटे पाचला उठवायची गरज नाही. ऑक्टोबरपर्यंत मेल्तेमी नावाचा उन्हाळी वारा पण ओसरलेला असतो, जुलै-ऑगस्टला तो असा वाहतो की साडीचा पदर सांभाळू की तोल अशी अवस्था होते. तरी पिना भरपूर ठेवा. रंग म्हणाल तर पांढऱ्यासमोर गडद काहीही उठून दिसतं, जांभळा, मोरपंखी, बाबांना पांढरा शर्ट मात्र नको, भिंतीत मिसळून जातील.

डोंबिवली_फास्ट
गाढवावर बसून फोटो काढायला सांगितलं तर नाही म्हणा प्लीज, जुन्या बंदरावरून वर फिरा ह्या बेटाच्या मुख्य गावात चढायला ५८८ पायऱ्या आहेत आणि ती जनावरं उन्हात दिवसभर खालीवर करतात. २०१८ ला १०० किलोच्या वर ओझं नको असा नियम झालाय तरी बघवत नाही. केबल कार आहे बाजूलाच

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला अख्खी चर्चा वाचून दाखवली. तो अजून म्हणतोय की पैसे जास्त आहेत, पण वहिनींचं छपराचं वाचून इयातला शूट नको ह्यावर आमचं एकमत झालं. सकाळी फोटोग्राफरला मेल केला, मेगालोखोरी, अर्धा तास, सहाजण, उडणारा झगा वगैरे काही नको. २०० युरो म्हणाला, २० फोटो, तीन आठवड्यांत. @सह्याद्रीवेडा त्याच दिवशी अकरा वाजता अक्रोतिरी ठेवलंय, तुमच्या वाटचं पण बघून येते.

सह्याद्रीवेडा
दोन तास तरी द्या तिथे, घाई करू नका. शूटबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण बाबांना फोटोग्राफरसमोर उभं केल्यावर कॅमेऱ्याकडे बघा असं सांगू नका, आईंशी बोलू द्या.

पैठणीप्रेमी
मी अजूनही म्हणते इयाच. पण आई काय नेसणार?

गोदाकाठची
जांभळी पैठणी, लग्नातली. काल कपाटातून काढली, घडीवर जर विरलीय एका ठिकाणी, तेवढा भाग निऱ्यांत जाईल म्हणाली. आणि बाबांनी विचारलं, कॅमेरा त्या माणसाकडे असेल तर मी हात कुठे ठेवायचे?