कन्फाइड इन म्हणजे नुसता विश्वास नाही

इंग्रजीतल्या 'कन्फाइड इन'चा अर्थ कुणी 'विश्वास ठेवणे' एवढाच सांगितला, तर ते अर्धंच झालं. विश्वास तर हवाच, पण त्यात काहीतरी खासगी सांगणं येतं, आपण मन मोकळं केलं म्हणतो ना तसं. 'शी कन्फाइडेड इन हर सिस्टर' म्हणजे बहिणीला मनातलं सांगितलं, नुसता भरवसा ठेवला असेल तर सरळ ट्रस्ट वापरा. आणि हो, काय सांगितलं तेही वाक्यात घातलं की मग इनचं टू होतं, 'ही कन्फाइडेड हिज फिअर्स टू मी', म्हणजे त्याने मनातली भीती मला सांगितली. कॉन्फिडन्सपण त्याच लॅटिन घराण्यातला, म्हणून हा घोळ होत असावा. 'कन्फाइड इन'साठी मराठीत 'विश्वासात घेणे' म्हणणं मला नाही पटत बुवा, त्याला ऑफिसचा वास येतो, साहेबांनी स्टाफला विश्वासात घेतलं वगैरे.