लिस्बेथ सलांडर: सूड पटतो, पण दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये शिरणं?

रात्रवाचक:
(रसभंग होईल, तिन्ही भागांचे शेवट खाली आहेत.)
स्टीग लार्सनने लिहिलेले मिलेनियम या स्वीडिश रहस्यकादंबऱ्यांच्या मालिकेचे तिन्ही भाग पुन्हा वाचले. त्यातल्या हॅकर नायिकेवर, लिस्बेथवर माझा जीव आहे. स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत असं ठरवून जिला कायदेशीर पालक नेमला गेला, तिच्यावर त्याच पालकाने, ब्युरमन वकिलाने, बलात्कार केला. तिने त्याचा गुन्हा त्याच्याच पोटावर गोंदवला, तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही.
पण ती पत्रकार ब्लॉमक्विस्टचा लॅपटॉपही चोरून वाचते. तोवर त्याने तिचं काहीच वाकडं केलेलं नसतं, ती काम करते त्या सुरक्षा कंपनीने दिलेलं चौकशीचं काम असतं ते. जिच्या आयुष्याच्या फायली परक्यांनी चाळल्या, तिनेच हे करावं? आणि लार्सन ते कौतुकाने लिहितो, हे तर मला फारच खटकतं.

कोरीपाटी:
साफ असहमत. तिचा बाप झालाचेन्को स्वीडनला येऊन मिळालेला सोव्हिएत हेर, आईला मारून मारून अधू करणारा. बारा वर्षांच्या पोरीने त्याच्यावर पेट्रोल टाकून काडी ओढली, तर गुप्तचर खात्यातल्या लोकांनी त्याला सांभाळलं आणि तिला मनोरुग्णालयात डांबलं. तिथे डॉ. टेलेबोरियन तिला पलंगाला बांधून ठेवायचा. कागद त्यांचे, शिक्के त्यांचे. तिच्या हातात काय होतं? एक कीबोर्ड.
पहिल्या भागाच्या मूळ स्वीडिश पुस्तकाचं (२००५) नाव आहे 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत ते गोंदणवाल्या मुलीवर आलं आणि आपणही तिच्याच वागण्याचा हिशेब मांडत बसलो.

उलटतपासणी:
तिसऱ्या भागातला लिस्बेथवरचा खटला आठवा. ब्युरमनची चित्रफीत कोर्टात लागते आणि सगळं फिरतं. ती लिस्बेथने स्वतःच्या बॅगेतल्या कॅमेऱ्याने घेतलेली, स्वतःवरच्या अत्याचाराची. त्यासाठी कुणाच्या घरात शिरावं लागलं नाही. तिची वकील आनिका जियानिनी टेलेबोरियनला प्रश्न विचारून विचारून उघडा पाडते, तेही भर कोर्टात. मला मालिकेतला सर्वांत थरारक भाग तोच वाटतो.

कोरीपाटी:
आणि टेलेबोरियनला अटक कशामुळे होते? त्याच्या लॅपटॉपमधल्या लहान मुलांच्या अश्लील चित्रांमुळे. ती लिस्बेथचा हॅकर मित्र प्लेगने शोधली. नाहीतर हा माणूस दुसऱ्या दिवशी परत मुलं 'तपासायला' बसला असता!

उलटतपासणी:
हे खरं आहे. पण तिला 'सक्षम' ठरवून पालकाच्या जोखडातून सोडवलं ते कोर्टानेच.

रात्रवाचक:
टेलेबोरियनचं मला पटलं, तिथे मी मागे येतो. पण ब्लॉमक्विस्टच्या लॅपटॉपचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कोरीपाटी:
कारण ते नाहीच. तिथे ती चुकली. तो सकाळी न्याहारी घेऊन तिच्या दारात उभा राहतो, तेव्हा ती गांगरते, आठवतं? आपल्या घरात कुणी असं शिरलं की काय वाटतं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं असं मला वाटतं. पण ब्युरमन, टेलेबोरियन यांच्या बाबतीत मी एक पाऊलही मागे घेणार नाही.