हॉकीचे शुल्क आणि अर्धे रिंक

गोलकीपरची आई: “ज्यांना आइस हॉकी परवडत नाही, त्यांनी मुलांना दुसऱ्या खेळात घालावे, तक्रार करू नये,” असे काल इथे एकाने लिहिले. कॅनडाच्या हिवाळ्यात ज्या मुलाच्या मित्रांचे सगळे बोलणे हॉकीभोवती फिरते, त्याला हे कसे समजवायचे, तेही त्यांनीच सांगावे. नोंदणीचे शुल्क ही केवळ सुरुवात असते. पाय वाढला की स्केट बदलावे लागतात, कंपोझिट स्टिक एका फटक्यात मोडते, टूर्नामेंट म्हटली की हॉटेलचे भाडे येते आणि गोलकीपरच्या पॅडचा खर्च त्याहून वेगळा. त्या खर्चापायी मी मुलाला गोलकीपिंग सोडून संघात दुसऱ्या जागी खेळायला सांगितले होते. त्याने काही ऐकले नाही, पण आपण तसे बोललो याची खंत मला आजही वाटते.

जुना प्रशिक्षक: ते वाक्य माझेच. शब्द कठोर होते, तेवढे मागे घेतो. परंतु खरा पैसा बर्फ खातो. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, फरशीखालच्या नळ्यांतून थंड क्षारजल अहोरात्र फिरवावे लागते, त्याचे वीजबिल कुणीतरी भरतेच. लहानग्यांना पूर्ण रिंकऐवजी त्याच्या आडव्या, छोट्या भागावर खेळवण्याचा नियम हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये केला, त्यामुळे एकाच रिंकवर एकाच तासात चार संघ खेळू शकतात.

दोन खेळाडूंचा बाप: चार संघ खेळतात, मग शुल्क का उतरले नाही? आमच्या असोसिएशनने एक डॉलरही कमी केला नाही. माझ्या थोरल्याला पूर्ण रिंक मिळाले, धाकट्याला त्याच पैशांत अर्धे मिळाले. ही पालकांची उघड फसवणूक आहे.

जुना प्रशिक्षक: सहा वर्षांचे मूल पूर्ण रिंकवर पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे धावूनच दमते. छोट्या मैदानावर पक त्याच्या स्टिकला कितीतरी अधिक वेळा लागतो. तुम्हाला मुलाने खेळायला हवे आहे, की मोठ्यांसारखे दिसायला?

दोन खेळाडूंचा बाप: माझ्या मुलाला तुम्ही कधी पाहिलेले नाही, तेव्हा माझ्या हेतूबद्दल बोलू नका. पहाटे पाचला त्याच्या स्केटच्या नाड्या मी बांधतो. मी हिशोब विचारला, तुम्ही प्रशिक्षणशास्त्र ऐकवलेत.

गोलकीपरची आई: आणि सरकारनेही हात काढून घेतला. २००७ पासून मुलांच्या खेळाच्या शुल्कावर केंद्रीय करसवलत होती. आरंभी ती ५०० डॉलरच्या १५ टक्के, म्हणजे फार तर ७५ डॉलर होती. तेवढ्यात पॅडचा पट्टाही येत नसे, तरी २०१७ मध्ये ती बंद झाली याचे मला दुःख आहे.

जुना प्रशिक्षक: बर्फाचे भाडे विभागले गेले आणि तो फायदा पालकांपर्यंत पोहोचला नाही, तर हिशोब मागण्याचा तुमचा हक्क मला मान्य करावाच लागेल. मात्र त्या रागापोटी सहा वर्षांच्या मुलांना पुन्हा पूर्ण रिंकवर ढकलायला माझी संमती मिळणार नाही.