विषय: पॅनिअरला टाच लागतेय (तातडीचं)

नमस्कार मंडळी,
मागे विचारलं होतं ती निळी पॅनिअर (मागच्या कॅरिअरच्या बाजूला अडकवायची पिशवी) शेवटी घेतली, पण पॅडल मारलं की दर फेरीला टाच पिशवीवर ठक्कन आपटते. सोमवारपासून ऑफिसला सायकलनेच जायचंय, लॅपटॉप, शर्ट, कुलूप, सगळं त्यात. परत करू का?

—
परत करू नकोस. पिशवीच्या पाठीला वर दोन हुक असतात ना, त्यांचे स्क्रू ॲलन कीने (ती षटकोनी टोकाची वाकडी चावी) ढिले करून हुक पुढे सरकव, म्हणजे पिशवी मागे जाते. मी आधी उलटं करून अख्खी संध्याकाळ घालवली होती. खालचा हुकही तेवढाच सरकव, नाहीतर खड्ड्यात पिशवी झुलते. फार मागेही नको, हँडल हलकं लागायला लागतं.

—
काका, हुक सरकवून सुटेलच असं नाही, माझ्या फ्रेमचा मागचा भागच आखूड, मला लांब कॅरिअर बसवावं लागलं. आणि खरं सांगू का, मी आता परत सॅकवर आलेय, सायकल लावली की पाठीवरच असते, चालू पडायचं.

—
ताई, सॅक नको हो! चढावर भर थंडीतही पाठ ओलीचिंब होते. रेनकोटचंही तेच, आतून घामच घाम, मी रिमझिमीत पातळ लोकरीचा टीशर्ट घालतो, भिजला तरी ऊब राहते. आणि मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा, निम्मं पाणी तर चाकावरूनच उडतं.

—
मंडळी, रेनकोटवर गेल्या पावसात भरपूर लिहून झालंय आणि ते सगळं मी एकत्र करून ठेवलंय, तर कपड्यांचं तिकडे लिहा, इथे टाचेचंच राहू दे म्हणजे पुढच्या माणसाला सापडेल. फक्त एक, रिमवाले ब्रेक पावसात उशिरा लागतात आणि मॅनहोलच्या ओल्या झाकणावर सायकल वळवू नका, मी खांद्यावर पडलोय.

—
काका, नाही लागत आता!! हुक दोन सेंटिमीटर पुढे घेतले, बास. सकाळी सगळं सामान भरून ऑफिसपर्यंत जाऊन आले, पाठ मोकळी, चढ संपल्यावर पाय थांबवले आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत खालपर्यंत आले, इतकं छान वाटलं की येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. ताई, ते लांब कॅरिअर पडून असेल तर सांगाल का, नवऱ्याच्या सायकलला तेच लागणार आहे, त्याचे पाय माझ्याहून मोठे.