मुदतीआधी पैसे काढले त व्याज काहून कापता?

कास्तकार_दारव्हा
काल इथं एका साहेबांनं लिहिलं, "ठेव मोडणाऱ्यानं व्याज मागू नये, बेशिस्तीचा तो दंड आहे." वाचून डोकं फिरलं. जानेवारीत कापसाचा चुकारा आला, दोन लाख पोस्टात एका वर्षाच्या मुदत ठेवीत टाकले. जूनमध्ये बियाण्यासाठी काढाले गेलो त सहा महिने झाल्याबिगर मोडताच येत नाही म्हणे. बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललं. जुलैच्या शेवटी मोडली तवा ६.९ च्या जागी बचत खात्याचे ४ टक्के. हाती चार हजार, बाकीचे एकोणतीसशे गेले. पैसा माह्या, सहा महिने वापरला त्याहिनं. पाऊस का मुदत पाहून येते का?

बँकवाला_यवतमाळ
वर्षाचा दर वर्षभर ठेवणाऱ्याला असतो, भाऊ. तुमच्या भरवशावर पुढं कर्ज वाटलेलं असतं. बँकेत मोडली असती तर जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर, त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा-एक टक्का दंड. सात दिवसांच्या आत मोडली तरच शून्य. शिवाय ठेवीवर कर्ज मिळतं, मोडायचं कामच नाही. पेरणी जूनमध्ये येते हे जानेवारीत माहीत नव्हतं?

कास्तकार_दारव्हा
गावात बँक हाय कुठं? पोस्टच हाय. तालुक्याले गेलं की दिवसाची मजुरी बुडते.

बचतगट_ताई
ठेवीचं सोडा. पोस्टाच्या बचत खात्यात दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत सर्वांत कमी शिल्लक असते तेवढ्यावरच व्याज. आमच्या बायांचे पैसे बाजाराच्या दिवशी जमतात, तारीख अकरा-बारा झाली की महिना फुकट. बँकांत २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या शिलकीवर व्याज लागते, मग पोस्टालेच काय झालं?

तूरवाला_कारंजा
तुमी व्याजाचं रडता, इथं मुद्दलच निघत नाही! पीककर्ज थकलं म्हणून खात्याले होल्ड. अतिवृष्टीचं अनुदान आलं, तेही अडकलं. पोराची फी भराची होती. मॅनेजरच्या टेबलापुढं दुपारभर उभा होतो, वर पाह्यलं नाही त्यानं.

बँकवाला_यवतमाळ
कर्ज थकवायचं आणि वर मॅनेजरला शिव्या. वसुली झाली नाही तर त्याच माणसाची मान धरतात.

तूरवाला_कारंजा
थकवलं म्हणता? तीन एकर तूर पाण्याखाली होती, शेंग काळी पडली. तुमी याल पाहाले? एसीत बसून कास्तकाराले बुडव्या म्हणाले सोपं जाते.

बँकवाला_यवतमाळ
बुडव्या म्हटलं नाही, उगाच तोंडी घालू नका. अनुदान कर्जात वळतं करू नका असं सरकारनं बँकांना वारंवार बजावलंय. तेवढ्यापुरता होल्ड चूक, मान्य. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलून काहीच हलत नाही.

तूरवाला_कारंजा
एवढं कबूल कराले इतका वेळ लागला. देतो अर्ज.

बचतगट_ताई
माह्या दहा तारखेचं कोणी बोललंच नाही. अनुदान-होल्डमध्ये बायांचा प्रश्न गेला वाहून.

बँकवाला_यवतमाळ
ताई, नियम जुनाच आहे, बदलायला हवा. तोवर गटाची जमा नऊ तारखेपर्यंत भरा. आणि दारव्हेकर, यंदा दोन लाखाची एकच ठेव करू नका. बियाण्याचे पैसे बचत खात्यात, उरलेल्याच्या वेगळ्या ठेवी.

कास्तकार_दारव्हा
तुकडे करीन, ते पटलं. पण सहा महिने ठेवलेल्या पैशाले सहा महिन्याचा दर काहून नाही, याचं उत्तर तुमी अजून देल्लं नाही.